थर्मल कॅमेऱ्याने इलेक्ट्रिक पॅनेल कसं तपासायचं : नवख्यांसाठी पायरीपायरीने

कारखाना, हॉस्पिटल, सोसायटीचा मीटर रूम, लिफ्टचा पॅनेल, कुठेही ढिला झालेला जोड जळण्याआधी तापतो. वास येतो, रंग काळवंडतो तोवर बहुतेक वेळा लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड-तुकडा) आणि इन्सुलेशन गेलेलं असतं. थर्मल कॅमेरा हा ताप खूप आधी, वीज चालू असताना आणि हात न लावता दाखवतो. कॅमेरा आता परवडू लागला आहे. पण कॅमेरा हातात आला म्हणजे तपासणी आली असं होत नाही. रंगीत फोटो कुणालाही काढता येतो. तो फोटो खरा की फसवा, हे लोड, अंतर आणि पृष्ठभाग यांवर ठरतं, म्हणून खाली सर्वांत जास्त भर त्यावरच दिला आहे.

१. कॅमेरा नेमकं काय मोजतो

थर्मल कॅमेरा तापमान थेट मोजत नाही. वस्तूच्या पृष्ठभागावरून येणारे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण तो टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. यातून तीन गोष्टी निघतात.

एक, त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या, पत्र्याच्या, ब्रेकरच्या आत तो पाहू शकत नाही. दोन, काच आणि ॲक्रिलिक त्याच्यासाठी अपारदर्शक आहेत. पॅनेलच्या दाराला पारदर्शक शीट असेल तर कॅमेऱ्याला त्या शीटचंच तापमान दिसेल, आतल्या बसबारचं (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचं) नाही. तीन, समोरून येणाऱ्या किरणांत वस्तूचे स्वतःचे किती आणि परावर्तित होऊन आलेले किती, हे कॅमेऱ्याला आपण सांगावं लागतं. त्या आकड्याला एमिसिव्हिटी म्हणतात. ती ० ते १ मध्ये असते. काळी पीव्हीसी टेप, रंगवलेला पत्रा, केबलचं आवरण यांची साधारण ०.९ ते ०.९५ असते. घासून चकचकीत केलेल्या तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची ०.०५ च्या आसपास असते. म्हणजे चकचकीत बसबार जवळजवळ आरसाच असतो, आणि त्यात तुमच्याच अंगाची उष्णता दिसते.

२. कॅमेरा निवडताना

जाहिरातीत कमाल तापमान मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. पॅनेलच्या कामात २५० अंशांच्या वर जाण्याची वेळ क्वचितच येते. पाहायचं ते हे:

- डिटेक्टरचं रिझोल्यूशन. स्क्रीनचं नव्हे. १६० × १२० हे कामचलाऊ, २५६ × १९२ बरं, ३२० × २४० रोजच्या कामाला उत्तम.
- दृष्टिकोन, म्हणजे लेन्स किती रुंद पाहते. रिझोल्यूशनइतकंच हे महत्त्वाचं आहे.
- तापमानातला किती सूक्ष्म फरक कळतो. ५० मिलिकेल्विन (०.०५ अंश) किंवा त्याहून कमी असेल तर चांगलं.
- फोटोत प्रत्येक पिक्सेलचं तापमान साठवलं जातं का. नुसता रंगीत जेपीईजी देणारा कॅमेरा अहवालासाठी निरुपयोगी आहे, कारण नंतर संगणकावर एमिसिव्हिटी बदलून पाहता येत नाही.
- फोकस हाताने करता येतो का.

रिझोल्यूशन आणि दृष्टिकोन यांचा हिशेब एकदा करून ठेवा. २५ अंशांची लेन्स आणि ३२० पिक्सेल असतील तर १ मीटरवर एक पिक्सेल साधारण १.४ मिमी जागा व्यापतो. विश्वासार्ह मोजणीसाठी किमान ३ × ३ पिक्सेल त्या वस्तूवर पडायला हवेत, म्हणजे सुमारे ४ मिमीचा ठिपका. आता मोबाइलला लावायचा कॅमेरा घ्या: ५० अंश आणि १६० पिक्सेल. १ मीटरवर एक पिक्सेल ५.५ मिमी, आणि मोजणीचा ठिपका १६ मिमी. कंट्रोल वायरिंगच्या बारीक टर्मिनलवर हा कॅमेरा आजूबाजूची गार जागाही मिसळून सरासरी देईल. ९० अंशांचा स्क्रू ६० दाखवला जाईल आणि तुम्ही ‘ठीक’ असा शेरा माराल. लहान टर्मिनलांच्या बाबतीत सर्वांत घातक चूक हीच आहे.

अचूकता बहुतेक कॅमेऱ्यांची ±२ अंश किंवा ±२ टक्के असते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा शेजारच्या फेजशी तुलना नेहमी जास्त भरवशाची.

३. सोबत काय हवं

- क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजणारा आपला टाँग टेस्टर
- काळी पीव्हीसी इलेक्ट्रिकल टेप
- ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा, पुठ्ठ्यावर गुंडाळलेला
- खोलीचं तापमान मोजायला साधा थर्मामीटर
- पॅनेलची सिंगल लाइन आकृती (वीज कुठून कुठे जाते त्याचा साधा नकाशा) आणि फीडरांची, म्हणजे पॅनेलमधून निघणाऱ्या लाइनींची यादी
- मागच्या तपासणीचे फोटो, असतील तर
- १००० व्होल्टपर्यंतचे क्लास ० रबरी हातमोजे, फेस शील्ड, सुती किंवा आर्क-रेटेड (विजेच्या ठिणगीचा भडका, म्हणजे आर्क सोसणारे) कपडे, आयएस १५६५२ प्रमाणे इन्सुलेटिंग मॅट

टेरिकॉट, नायलॉनचे कपडे घालून उघड्या पॅनेलसमोर उभं राहू नका. आर्क झाला तर हे कापड वितळून कातडीला चिकटतं.

४. दिवस आणि वेळ : लोड नसेल तर तपासणी नाही

जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. निम्म्या लोडवर उष्णता पावपट. म्हणून रविवारी कारखाना बंद असताना ‘निवांतपणे’ केलेली थर्मल तपासणी कागद रंगवण्यापुरतीच. अमेरिकेच्या एनएफपीए ७०बी या विद्युत देखभालीच्या मानकात किमान ४० टक्के लोडची अपेक्षा आहे. तेवढा नसेल तर त्या फीडरसमोर ‘लोड कमी, निष्कर्ष नाही’ असंच लिहा. लोड लागल्यावर लगेचही फोटो घेऊ नका. मोठ्या बसबारला स्थिर व्हायला वेळ लागतो, तासभर तरी चालू द्या.

जागेप्रमाणे वेळ बदलते. सोसायटीत एप्रिल-मे मधली रात्रीची ९ ते ११ ही वेळ सर्वांत चांगली, तेव्हा एसी चालू असतात. साखर कारखान्यात तपासणी गळीत हंगामात, गाळप पूर्ण जोरात असताना करायची आणि मोठी दुरुस्ती हंगाम संपल्यावर काढायची. अनेक ठिकाणी हे उलट होतं: ऑफ-सीझनला मेंटेनन्सच्या यादीत थर्मल तपासणीही टाकली जाते, तेव्हा पॅनेलमध्ये करंटच नसतो. एमआयडीसीतल्या लहान युनिटांत पहिल्या पाळीचा मधला काळ धरा, चहाच्या सुट्टीत अजिबात नको.

उघड्यावरचा ट्रान्सफॉर्मर किंवा फीडर पिलर सूर्यास्तानंतर पाहा. दिवसा ऊन पत्रा तापवतं आणि चकचकीत भागांवर सूर्याचं परावर्तन दिसतं. वाराही पाहा. जोराचा वारा तापलेला जोड बराच गार करतो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी ‘किरकोळ’ वाटलेला जोड किरकोळ समजू नका.

५. दार उघडण्याआधी

चालू पॅनेलचं दार उघडणं हे या कामातलं सर्वांत धोकादायक पाऊल आहे, फोटो काढणं नव्हे. दार, आतलं कव्हर उघडायचं काम त्या आस्थापनेच्या नेमलेल्या, परवानाधारक माणसानेच करायचं. कॅमेरेवाल्याने करायचं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियमही विद्युत उपकरणांवरच्या कामासाठी अधिकृत व्यक्ती नेमायला सांगतात.

लेखी परमिट घ्या. सुटे स्क्रू, घड्याळ, गळ्यातली चेन, खिशातला पेन बाजूला ठेवा. आतलं कव्हर काढताना ते बसबारवर पडून आर्क होण्याचा धोका असतो, म्हणून मोठं कव्हर दोघांनी धरून काढायचं. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवा. पॅनेलच्या आत कॅमेरा किंवा हात घालून ‘जवळून’ फोटो घ्यायचा मोह होतो. तो टाळा. जवळ जाण्याऐवजी अरुंद लेन्स वापरा.

ज्या पॅनेलची दारं चालू असताना उघडणं शक्यच नाही, तिथे अवरक्त किरण आरपार जाऊ देणारी खिडकी शटडाउनमध्ये बसवून घेता येते. एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलसाठी हाच मार्ग योग्य आहे. मीटर रूममध्ये वीज कंपनीचं सील असलेल्या भागाला हात लावू नका. कव्हर बाहेरून तापलेलं दिसलं तर फोटो जोडून कंपनीला लेखी कळवा.

६. कॅमेरा तयार करणं

चालू करून १० मिनिटं थांबा. अधूनमधून ‘टक’ असा आवाज येतो, तो कॅमेरा स्वतःला आतल्या शटरशी जुळवून घेत असल्याचा. गार गाडीतून थेट गरम पॅनेल रूममध्ये नेला असेल तर जास्त थांबा.

एमिसिव्हिटी ०.९५ ठेवा आणि मोजणी केबलच्या आवरणावर, टेपवर, रंगवलेल्या भागावर करा. परावर्तित तापमान काढायला फॉइल चुरगाळून पुन्हा सपाट करा, पॅनेलच्या तोंडाशी पण चालू भागांपासून दूर धरा, कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी १ करून त्या फॉइलचं सरासरी तापमान वाचा. तो आकडा ‘परावर्तित तापमान’ म्हणून भरा आणि एमिसिव्हिटी पुन्हा ०.९५ वर आणा. ही शेवटची गोष्ट विसरली की दिवसभराचे आकडे चुकतात.

रंगपट्टी आपोआप बदलू देऊ नका. ऑटोमध्ये कॅमेरा समोरच्या सर्वांत गरम भागाला पांढरा किंवा लाल रंग देतो, मग तो ३४ अंश असो वा ९४. दोन अंशांचा फरकही आग लागल्यासारखा दिसतो, आणि तसा फोटो पाहून व्यवस्थापक घाबरतात. खालची आणि वरची मर्यादा हाताने पक्की करा, उदाहरणार्थ ३० ते ८०, आणि एका पॅनेलचे सगळे फोटो त्याच पट्टीवर घ्या.

७. फोटो घेण्याचा क्रम

आधी इनकमर (पॅनेलमध्ये वीज आणणारी मुख्य लाइन), मग बसबारचे जोड, मग एकेक आउटगोइंग (बाहेर जाणारा) फीडर. प्रत्येक फीडरला इनकमिंग आणि आउटगोइंग दोन्ही टोकं. तिन्ही फेज एकाच फोटोत यायला हव्यात, नाहीतर तुलना करता येणार नाही. थर्मल फोटोसोबत त्याच जागेचा साधा फोटो घ्या आणि लगेच टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा करंट मोजून लिहा. पॅनेलवरच्या ॲमीटरवर विसंबू नका.

फोकस, तापमानाची रेंज आणि चौकट या तीन गोष्टी नंतर सुधारता येत नाहीत. एमिसिव्हिटी, रंग, पट्टी संगणकावर बदलता येतात. अस्पष्ट फोटोत तापमानही कमी येतं, म्हणून लगच्या कडा धारदार दिसेपर्यंत फोकस करा.

कुठे गरम ठिपका दिसला तर एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरका. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर ते परावर्तन. जागेवरच राहिला तर खरा ताप. बसबारचा जोड चकचकीतच असेल, तर पुढच्या शटडाउनमध्ये, वीज बंद आणि अर्थिंग केल्यावर, त्यावर टेपचा छोटा तुकडा किंवा उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका कायमचा लावून घ्या. चालू पॅनेलमध्ये टेप लावायला जाऊ नका.

८. आकृतीबंध वाचणं

आकड्याआधी उष्णतेचा आकार पाहा.

जोड सर्वांत गरम आणि तिथून दूर जाताना केबल गार होत जाते: ढिला किंवा गंजलेला जोड. नाहीतर क्रिम्पिंग (केबलवर लग दाबून बसवणं) खराब.

पूर्ण केबल सारखीच गरम: ओव्हरलोड किंवा केबल लहान. लग आवळून काही होणार नाही.

एक फेज पूर्ण गरम: आधी करंट पाहा. त्या फेजवर लोड जास्त असेल तर हा असमतोल आहे, दोष नाही.

न्यूट्रल फेजपेक्षा गरम: एलईडी, संगणक, यूपीएस यांच्यामुळे येणारे तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिसळून वाढतात. आयटी ऑफिस आणि हॉस्पिटलांत हे हमखास सापडतं.

एका फेजला दोन केबल, त्यातली एक गरम, एक गार. इथे नवखे लोक गरम केबलवर लाल शेरा मारतात. बहुतेक वेळा दोष गार केबलमध्ये असतो: तिचा जोड गेलेला असतो आणि सगळा करंट दुसरीवरून चाललेला असतो. टाँग टेस्टर लावला की लगेच कळतं.

एचआरसी फ्यूजचं (मोठा करंट तोडू शकणाऱ्या बंदिस्त फ्यूजचं) एकच टोक गरम: त्या बाजूच्या क्लिपची पकड ढिली. शेजारचे फ्यूज कोमट आणि एकच गार: तो बहुधा उडालेला आहे. एपीएफसी पॅनेलमध्ये (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलमध्ये) चालू स्टेपचा, म्हणजे टप्प्याचा कपॅसिटर गार दिसला तर तो करंट घेत नाही, तेही लिहा.

ब्रेकरचा बाहेरचा प्लास्टिकचा पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा ५-६ अंशांनी जास्त असेल तर दुर्लक्ष करू नका. आतला कॉन्टॅक्ट त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, बाहेर येईपर्यंत उष्णता पसरते.

लोखंडी ग्लँड प्लेट (केबल पॅनेलमध्ये शिरतात तो पत्रा) गरम: सिंगल कोअर केबल स्वतंत्र भोकांतून लोखंडी प्लेटमधून नेल्या आहेत. प्लेट ॲल्युमिनियमची हवी.

कॉन्टॅक्टरची कॉइल, ओव्हरलोड रिले, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, ड्राइव्हचा हीटसिंक, रिॲक्टर, पॅनेलमधला स्पेस हीटर या वस्तू चालू असताना गरम असणारच. त्यांची तुलना त्याच प्रकारच्या शेजारच्या वस्तूशी करा.

९. किती फरक म्हणजे किती घाई

अमेरिकेतल्या नेटा या विद्युत चाचणी संघटनेचा तक्ता बहुतेक ठिकाणी वापरला जातो. सारख्या लोडवरच्या दोन सारख्या भागांत १ ते ३ अंश फरक असेल तर दोषाची शक्यता, लक्ष ठेवा. ४ ते १५ अंश असेल तर बहुधा दोष, सवडीने दुरुस्ती. १५ च्या वर तातडीने. तुलनेला शेजारी नसेल तर खोलीच्या तापमानापेक्षा ४० अंशांहून जास्त म्हणजे तातडीचं.

हा तक्ता डोळे मिटून लावू नका. विदर्भात मे महिन्यात पॅनेल रूमच ४५ अंशांवर असते. तिथे २५ अंशांची वाढही पीव्हीसी केबलला तिच्या ७० अंशांच्या मर्यादेवर नेते. एक्सएलपीई (जास्त ताप सोसणाऱ्या प्लास्टिकच्या इन्सुलेशनची) केबल ९० पर्यंत सोसते. म्हणून फरक आणि प्रत्यक्ष तापमान, दोन्ही लिहा.

लोडचा हिशेबही करा. पूर्ण लोडवरचा फरक काढायला मोजलेल्या फरकाला करंटच्या गुणोत्तराच्या १.६ ते २ घाताने गुणतात. निम्म्या लोडवर १० अंशांचा फरक मिळाला तर पूर्ण लोडवर तो साधारण ३० ते ४० होईल. मे महिन्यात तपासून ‘सवडीने’ म्हटलेला जोड ऑक्टोबरच्या उत्पादनाच्या गर्दीत जळतो, तो यामुळेच.

१०. अहवाल आणि दुरुस्ती

प्रत्येक दोषासमोर पॅनेल आणि फीडरचं नाव, तारीख-वेळ, तिन्ही फेजचं तापमान आणि करंट, खोलीचं तापमान, वापरलेली एमिसिव्हिटी, दोन्ही फोटो आणि काय करायचं ते लिहा. ‘आर फेज गरम’ एवढं पुरत नाही. ‘फीडर ७, एमसीसीबीची (मोठ्या ब्रेकरची) खालची बाजू, आर फेज लग ७८, वाय ४९, बी ५०, तिन्ही फेज सुमारे ११० अँपिअर’ असं लिहिलं की इलेक्ट्रिशियन नेमक्या जागी जातो.

आणि इलेक्ट्रिशियनला नुसतं ‘आवळून घे’ असं सांगू नका. तापलेला जोड आवळल्याने आतला ऑक्साइडचा थर जात नाही. वीज बंद करून जोड उघडा, दोन्ही पृष्ठभाग साफ करा, रंग गेलेली लग आणि कडक झालेलं इन्सुलेशन कापून नवीन लग योग्य डायने क्रिम्प करा, आणि उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळा. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला जोडलेली असेल तर बायमेटॅलिक (दोन्ही धातूंची मिळून केलेली) लग हवी. गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्टही पुढे ढिला पडतो. दुरुस्तीनंतर साधारण त्याच लोडवर पुन्हा फोटो घेतल्याशिवाय तो दोष यादीतून काढायचा नाही.

११. हाच कॅमेरा गळती शोधायला

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. ओली जागा बाष्पीभवनाने गार होते, ती गार जागा दिसते. म्हणून जुलैत मुंबईत किंवा गोव्यात, हवा दमट असताना, ओल असूनही चित्र कोरं येऊ शकतं. पाऊस उघडल्यावर, कोरड्या हवेत पाहा, किंवा खोलीत अर्धा तास पंखा लावून मग पाहा. गार डाग म्हणजे ओल असंही नाही. शेजारच्या खोलीतला एसी, काँक्रीटची तुळई यांमुळेही भिंत गार दिसते. प्रत्येक डागावर मॉइश्चर मीटर टेकवून खात्री केल्याशिवाय कुणाची टाइल फोडू नका. गीझरची लपलेली लाइन शोधणं सोपं आहे: १०-१५ मिनिटं गरम पाणी सोडा, पाइपाची रेघ उमटते, आणि गळती असेल तिथे रेघ फुगून डाग होतो.

१२. आणि छतावरच्या सौर पॅनेलांसाठी

इथे आयईसी ६२४४६-३ हे मानक लागू होतं. पॅनेलच्या प्रतलात किमान ६०० वॉट प्रति चौरस मीटर ऊन हवं, आकाश निरभ्र हवं, आणि सिस्टम वीज बनवत असायला हवी. काचेवरचं परावर्तन टाळायला पॅनेलच्या पृष्ठभागाशी ६० अंशांपेक्षा कमी तिरका कोन करू नका, आणि स्वतःची सावलीही पडू देऊ नका. एकच सेल गरम म्हणजे तडा, सावली किंवा पक्ष्याची विष्ठा. आधी पुसून पुन्हा पाहा. पॅनेलचा एक तृतीयांश पट्टा एकसारखा कोमट म्हणजे बायपास डायोड (बिघडलेल्या सेलांना वळसा घालून करंट नेणारा भाग) चालू झालेला आहे. सगळंच पॅनेल शेजारच्यांपेक्षा किंचित गरम म्हणजे ते लाइनला जोडलेलंच नाही, वीज बाहेर न जाता उष्णता होऊन राहते. त्याचा कनेक्टर तपासायचा असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करा: चालू लोडवर डीसी कनेक्टर ओढला की आर्क लागतो आणि तो आपोआप विझत नाही.